प्लेट काढली म्हणजे नंबर सुटत नाही

दोन हिवाळ्यांपूर्वी लेस्टरहून आमच्या एका काकांचा फोन आला. मूळचे नाशिकचे, आता सत्तरीच्या पुढचे, उभी हयात इंग्लंडात गेलेली. "गाडी विकली गं परवा," ते म्हणाले. त्या गाडीच्या नंबरात काकूंची आद्याक्षरं होती आणि दोघांच्या लग्नाचं साल होतं. काकूंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी विचारलं, "मग नंबर आधी सोडवून घेतलात ना?" काका शांतपणे म्हणाले, "हो तर. दोन्ही प्लेटा मी स्वतः स्क्रू काढून घरी आणल्यात. देवघराशेजारी ठेवल्यात."

पुढे काय बोलावं ते मला सुचेना. प्लेटा घरी होत्या, पण नंबर गाडीबरोबर गेला होता. गाडी घेणाऱ्या डीलरने त्याच नंबराच्या नव्या प्लेटा बनवून लावल्या आणि गाडी पुढे विकली. काकूंची आद्याक्षरं आता कुणा अनोळखी माणसाच्या दारात उभी असतात. त्या माणसाने काही चोरलेलं नाही. कायद्याने तो नंबर वापरायचा हक्क आता त्याचाच आहे. काकांनी डीलरमार्फत निरोप पाठवला, पैसेही देऊ केले. उत्तर आलं नाही.

गाडी द्यायच्या आधी ८० पौंड आणि घरातल्या संगणकासमोरची दहा मिनिटं, एवढ्यावर हे टळलं असतं. ब्रिटनमधल्या मराठी घरांत खासगी नंबराची हौस चांगलीच आहे. मंडळाच्या गणपतीला गेलं की पार्किंगमध्ये आडनावं, मुलांची नावं आणि जन्मसालं दिसतात. नंबर घेताना सगळे बारकाईने वाचतात. सोडवायचा कसा, हे मात्र गाडी विकायची वेळ येईपर्यंत कुणी विचारत नाही, आणि ती वेळ नेहमी घाईची असते.

नंबर नेमका कुणाचा?

गोंधळाचं मूळ आपल्या सवयीत आहे. महाराष्ट्रात नंबर ही गाडीची खूण. आरटीओत शुल्क भरून पसंतीचा क्रमांक घेता येतो, आणि ते शुल्क थोडंथोडकं नाही: २०२४ च्या सुधारणेनंतर मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाला ६ लाख रुपये मोजावे लागतात. इंग्रजी आकड्यांतलं ४१४१ वाकवून त्याचं 'दादा' करणाऱ्यांचा प्रदेश आपला. तरी गाडी विकायची म्हटलं की नंबरासकट विकायची, हेच आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

ब्रिटनमध्ये नंबर आणि गाडी यांची गाठ सोडता येते आणि दुसऱ्या गाडीशी बांधताही येते. इथे नंबरांचा रीतसर बाजार आहे. स्वान्सी शहरातलं डीव्हीएलए हे सरकारी खातं साऱ्या वाहनांची नोंद ठेवतं आणि १९८९ पासून तेच खातं आकर्षक नंबर विकतं, लिलावही करतं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये '२५ ओ' हा नंबर सगळे कर आणि शुल्क धरून ५ लाख १८ हजार पौंडांना गेला. घेणारे फेरारी गाड्यांचे व्यापारी होते. हौस तर त्याहून जुनी. १९०३ च्या कायद्याने वाहनांना नंबर सक्तीचे झाले, १ जानेवारी १९०४ पासून ते लागू झाले, आणि लंडनचा 'ए १' मिळावा म्हणून अर्ल रसेल रात्रभर रांगेत थांबले होते, अशी गोष्ट सांगितली जाते. तत्त्ववेत्ते बर्ट्रांड रसेल यांचे ते थोरले बंधू.

एवढे पैसे मोजूनही नंबर आपल्या मालकीचा होत नाही. मालकी सरकारकडेच राहते. आपल्याला मिळतो तो वापरण्याचा हक्क. आणि नंबर एकदा गाडीवर चढला की हा हक्क त्या गाडीच्या 'रजिस्टर्ड कीपर'कडे जातो. नंबराचे पैसे कुणी दिले, वाढदिवसाला तो कुणी कुणाला भेट दिला, हे कुणी विचारत नाही. डीव्हीएलएच्या नोंदीत कीपर म्हणून ज्याचं नाव, त्याचा हक्क.

कीपर म्हणजे मालक नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. प्रत्येक गाडीचं एक लॉगबुक असतं, त्याचं सरकारी नाव व्ही५सी. त्यावरच ठळक छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. ज्यांनी गावाकडे जमिनीचे व्यवहार पाहिले आहेत त्यांना हे चटकन कळेल. सातबारा हा महसुलाचा अभिलेख, त्यावर नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. लॉगबुकचंही तसंच: गाडी कोण वापरतं, दंडाची नोटीस कुणाला पाठवायची, एवढ्यासाठी ते नाव. पण खासगी नंबराच्या बाबतीत मात्र त्याच नावावर सगळं अवलंबून असतं.

म्हणूनच काकांच्या प्लेटा काढण्याला काही अर्थ नव्हता. प्लेट म्हणजे अॅक्रिलिकचा तुकडा. नंबर असतो स्वान्सीतल्या नोंदीत. काकांनी गाडी विकल्याचं प्रामाणिकपणे ऑनलाइन कळवलं, आणि त्या क्षणी नोंदीतला कीपर बदलला.

सोडवायचा कसा

इथले लोक याला 'रिटेन करणं' म्हणतात. नंबर गाडीवरून उतरवायचा आणि आपल्या नावावर राखून ठेवायचा. राखून ठेवल्याबद्दल डीव्हीएलए जो कागद देतं त्याचं नाव व्ही७७८. शाळा सोडल्याचा दाखला आठवा. एका शाळेतून नाव काढलं, दुसऱ्या शाळेत अजून घातलं नाही, मधल्या काळात तो दाखला हेच मुलाचं विद्यार्थीपण. व्ही७७८ हा नंबराचा असा दाखला आहे. जुन्या गाडीवरून नंबर उतरला, नव्या गाडीवर अजून चढला नाही, तोवर हक्क या कागदात राहतो. नव्या गाडीवर नंबर चढवताना हाच दाखला दाखवायचा. (डीव्हीएलएकडून कोरा, आजवर कोणत्याच गाडीला न लागलेला नंबर विकत घेतला तर मिळणारा कागद वेगळा, व्ही७५०. काम तेच.)

अर्ज ऑनलाइन करता येतो, सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर. शोध घेतला तर त्याच्यासारखी दिसणारी आणि वर स्वतःचं शुल्क लावणारी खासगी पानंही समोर येतात, तेव्हा पत्ता नीट वाचून पुढे जा. हाताशी गाडीचं लॉगबुक हवं, कारण त्यावरचा अकरा अंकी संदर्भ क्रमांक विचारतात. शुल्क ८० पौंड. ज्यांना टपालानेच करायचं आहे त्यांच्यासाठी व्ही३१७ नावाचा अर्ज आहे, पण त्यात वेळ जातो, आणि गाडी विकायला निघालेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो.

पैशाचा हिशेब लोकांना नेहमी चुकीचा सांगितला जातो, म्हणून स्पष्ट करते. उतरवताना ८० पौंड भरले की त्यात पुढच्या गाडीवर चढवण्याचं शुल्क धरलेलं असतं. चढवताना पुन्हा पैसे नाहीत. ती गाडीही विकायची वेळ आली आणि नंबर पुन्हा उतरवायचा असला, तर पुन्हा ८०. म्हणजे साधारण गाडीमागे एकदा. २०१५ च्या मार्चपूर्वी हे १०५ पौंड पडायचं आणि दाखल्याचं नूतनीकरण करायलाही पैसे लागायचे. आता व्ही७७८ दहा वर्षं चालतो आणि मुदत संपण्याआधी अर्ज केला तर नूतनीकरण फुकट होतं. पण ते करावं लागतं. मुदत उलटली की हक्क गेला. दहा वर्षांत माणसं घरं बदलतात, कागद खोक्यांत जातात. म्हणून मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

गाडीबद्दलही काही अटी आहेत. ती डीव्हीएलएकडे नोंदलेली हवी, स्वतःच्या इंजिनावर किंवा मोटरवर चालू शकणारी हवी, आणि जिला एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी, लागते अशा प्रकारची हवी. गेली सलग पाच वर्षं तिचा टॅक्स भरलेला असावा किंवा ती रस्त्यावर नसल्याचं, म्हणजे सॉर्नचं, रीतसर निवेदन केलेलं असावं. मध्ये खंड चालत नाही. पाच वर्षांहून जास्त काळ सॉर्नवर असलेल्या गाडीला आधी टॅक्स आणि एमओटी दोन्ही करून घ्यावं लागतं. डीव्हीएलए गाडी तपासायला मागू शकतं. शेडमध्ये गंजत पडलेल्या वडिलांच्या गाडीवर चांगला नंबर आहे आणि गाडी भंगारात द्यायची आहे, अशा घरांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. गाडी एकदा भंगारात गेली की नंबर उतरवायला काही उरत नाही. तिथे क्रम एकच: आधी नंबर, मग भंगार.

'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर राखता येत नाही. तो खासगी नंबर नसतोच. गाडीचं वय किंवा मूळ ठरवता येत नसेल तेव्हा तो दिला जातो.

उतरवल्यानंतरचा दिवस

नंबर उतरवला की गाडी बिननंबराची राहत नाही. सहसा तिचा मूळ नंबर, कारखान्यातून आल्यावर पहिल्या नोंदणीला मिळालेला, आपोआप तिला परत मिळतो. ऑनलाइन अर्ज मंजूर झाला की हा बदल लगेच लागू होतो. म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात बसून शेवटचं बटण दाबलंत त्या क्षणी दारातल्या गाडीवरच्या प्लेटा चुकीच्या झाल्या. त्या प्लेटांवर गाडी रस्त्यावर काढायची नाही. पोलिसांच्या गाड्यांवर आणि पुलांवर नंबर वाचणारे कॅमेरे असतात, आणि चुकीच्या प्लेटेचा दंड १,००० पौंडांपर्यंत जातो.

म्हणून हे काम शाळा सुटायच्या वेळेला किंवा विमानतळावर कुणाला आणायला जायच्या दिवशी करू नका. दोन-तीन दिवस गाडी लागणार नाही अशी वेळ बघा. नव्या प्लेटा नोंदणीकृत दुकानातूनच बनवाव्या लागतात, आणि तिथे ओळखपत्र आणि नंबरावरच्या हक्काचा कागद दोन्ही बघतात. खासगी नंबर लावला तेव्हा काढलेल्या मूळ प्लेटा माळ्यावर असतील तर त्या शोधून ठेवा. मूळ नंबरच परत मिळाला आहे याची खात्री झाली की त्याच पुन्हा लावता येतात. आमच्या घरी त्या बागेतल्या शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे सापडल्या होत्या.

लगेच त्याच दिवशी विमा कंपनीला कळवायचं. विमा नंबरावर नोंदलेला असतो. गाडी तीच असली तरी कॅमेऱ्याला नवा नंबर बिनविम्याचा दिसतो. एमओटीचं मात्र काही करावं लागत नाही, झालेली एमओटी चालते. यानंतरची यादी प्रत्येक घराची वेगळी. लंडनमध्ये गर्दीच्या भागात गाडी नेण्याच्या कंजेशन चार्जचं आणि यूलेझ या प्रदूषण-शुल्काचं आपोआप पैसे भरणारं खातं, डार्टफोर्डला नदी ओलांडण्याच्या शुल्काचं खातं, घरासमोरच्या पार्किंगचा परवाना, ऑफिसच्या गेटवरची नोंद, मुलांच्या शाळेतली पार्किंगची नोंद. यातलं एखादं राहिलं तर महिनाभराने दंडाची पत्रं येऊ लागतात. शिवाय जुना नंबर आपण पुढच्या गाडीवर चढवला असेल तर खात्यात आता कोणती गाडी आहे, हाही घोळ होतो. डार्टफोर्डच्या खात्यात आम्ही नंबर बदलायला विसरलो होतो. चूक आमचीच होती, पण निस्तरायला दीड महिना गेला.

आणि आता सर्वात महत्त्वाचं: या टप्प्यावरही गाडी लगेच देऊ नका. नंबर बदलला म्हणून नवं लॉगबुक टपालाने येतं. विक्री डीव्हीएलएला कळवताना ताज्या लॉगबुकवरचाच अकरा अंकी क्रमांक लागतो, आणि घेणाऱ्यालाही गाडीवरच्या प्लेटेशी जुळणारा कागद हातात हवा असतो. डीलर म्हणतो, "आज गाडी द्या, नंबर नंतर बघू." त्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण 'नंतर' गाडीचा कीपर तो झालेला असतो, आणि तुम्ही त्याच्या सवडीवर अवलंबून राहता. जुनी गाडी देऊन नवी घेण्याच्या व्यवहारात हे फार होतं, कारण नवी गाडी समोर उभी असते आणि जीव तिच्यात अडकलेला असतो. मला विचाराल तर नंबर सोडवल्याशिवाय गाडीची जाहिरातही देऊ नये. गिऱ्हाईक आलं की घाई होते, आणि घाईत हाच टप्पा गळतो.

कीपर दुसराच असला तर

काकांच्या बाबतीत निदान कीपर तेच होते. त्याहून अवघड प्रकरणं अशी असतात जिथे नंबर आपला वाटतो पण लॉगबुकवर नाव दुसऱ्याचं असतं.

कंपनीने दिलेली किंवा लीजवर घेतलेली गाडी घ्या. तिथे कीपर बहुतेक वेळा लीज कंपनी असते. तुम्ही हौसेने स्वतःच्या पैशाने घेतलेला नंबर त्या गाडीवर चढवलात की वापराचा हक्क लीज कंपनीकडे गेला. लीज संपताना नंबर उतरवण्याचा अर्ज त्यांनीच करायचा असतो, आणि कामाचे वेगळे पैसे त्या घेऊ शकतात. नोकरी अचानक सुटली, गाडी आठवड्यात परत द्यायची आहे, तेव्हा हे आठवलं तर उशीर झालेला असतो. नंबर चढवण्यापूर्वीच लेखी घ्या: गाडी परत करताना नंबर तुमच्यासाठी राखून ठेवला जाईल आणि दाखल्यावर नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल. नॉमिनी म्हणजे दाखला दुसऱ्याच्या नावाचा असला तरी ज्याच्या गाडीवर नंबर चढवायचा तो माणूस.

हप्त्यांवर घेतलेल्या गाडीचं उलटं आहे. तिथे मालक फायनान्स कंपनी, पण कीपर सहसा तुम्हीच. म्हणून डीव्हीएलएकडे अर्ज तुम्हाला करता येतो. पण कर्जाची नोंद गाडीच्या नंबरावर असते, आणि बहुतेक करारांत नंबर बदलला तर कळवण्याची अट असते. अर्जाआधी करार उघडून बघा आणि कंपनीला कळवा.

घरातल्या घरातही हे होतं. वडिलांनी घेतलेला नंबर मुलाच्या गाडीवर चढवला तर हक्क मुलाचा. नवऱ्याने बायकोच्या गाडीवर चढवला तर बायकोचा. नातं सुरळीत असेपर्यंत कुणाला फरक पडत नाही. वेगळं होण्याची वेळ आली की हाच नंबर वकिलांच्या यादीत जाऊन बसतो. असं एक घर मी जवळून पाहिलं आहे, आणि तिथे वाद पैशाचा नव्हता.

अपघातात गाडी निकालात निघाली, ज्याला इथे राइट-ऑफ म्हणतात, तर विमा कंपनीशी पहिल्याच फोनवर सांगा की गाडीवर खासगी नंबर आहे आणि तो मला ठेवायचा आहे. भरपाई घेऊन गाडी त्यांच्या ताब्यात गेली की गाडीबरोबर नंबरही जातो. त्या दिवसांत माणूस हादरलेला असतो, कुठे तरी प्लास्टर असतं, अशा वेळी नंबर आठवत नाही हे मला माहीत आहे. म्हणून गाडीच्या विम्याच्या कागदांवरच पेन्सिलने लिहून ठेवा.

गाडी चोरीला गेली तर आशा पूर्ण संपत नाही. चोरी पोलिसांत नोंदवलेली असेल आणि चोरीच्या दिवशी गाडीचा टॅक्स आणि एमओटी चालू असेल, तर गाडी न सापडल्यास सहा महिन्यांनी नंबर परत मागता येतो.

पुढच्या गाडीवर चढवताना

दाखला हातात आहे, नवी गाडी घेतली. गाडी अगदी कोरी असेल तर डीलरला दाखल्याचा तपशील द्या, तो पहिल्या नोंदणीतच तुमचा नंबर लावू शकतो. जुनी गाडी घेतली असेल तर ती आपल्या नावावर झाल्यावर ऑनलाइन चढवा. चढवल्यानंतर पुन्हा तीच विम्याची आणि खात्यांची फेरी.

एक नियम मात्र नव्याने विचारात घ्यावा लागतो: नंबरामुळे गाडी आहे त्यापेक्षा नवी भासता कामा नये. १ सप्टेंबर २००१ पासूनच्या पद्धतीत दोन अक्षरं, दोन आकडे आणि तीन अक्षरं असतात. मधले दोन आकडे गाडीचं वय सांगतात. मार्चपासूनच्या नोंदणीला त्या सालाचे शेवटचे दोन आकडे, सप्टेंबरपासूनच्या नोंदणीला त्यात पन्नास मिळवलेले. म्हणून २०१५ च्या मार्चची गाडी १५, सप्टेंबरची ६५. डीव्हीएलएच्या लिलावात गाजलेला एक नंबर आहे 'के आर १५ एच एन ए'. सलग वाचला की 'कृष्ण' दिसतो, आणि तो दोन लाखांहून जास्त पौंडांना गेला. इतका मोलाचा नंबर असूनही २०१४ च्या गाडीवर तो चढणार नाही, कारण १५ हा आकडा गाडीला एका वर्षाने नवी दाखवेल. २०२० च्या गाडीवर चालेल. गाडी जुनी दिसली तर हरकत नाही, नवी दिसायला नको.

त्याआधीच्या, १९८३ ते २००१ च्या पद्धतीत पहिलं अक्षर साल सांगतं. पी, मग ४, मग टी-ई-एल अशी मांडणी केली तर सरळ 'पटेल' वाचता येतं, कारण इथे ४ ला ए मानतात, १ ला आय, ५ ला एस. पी हे अक्षर १९९६ च्या ऑगस्टपासूनचं. म्हणून तसा नंबर त्यानंतरच्या कोणत्याही गाडीवर बसतो. ज्यांना दर पाच वर्षांनी गाडी बदलायची सवय आहे किंवा जुनी गाडी घेणं परवडतं, त्यांनी असे जुन्या पद्धतीचे किंवा साल न दाखवणारे नंबर घ्यावेत. उत्तर आयर्लंडचे नंबर साल दाखवत नाहीत आणि त्यातले बरेच स्वस्तही असतात. घेताना दिलेलं लक्ष पुढे प्रत्येक गाडीला उपयोगी पडतं.

नव्या गाडीवर आधीपासून दुसरा खासगी नंबर असेल, समजा तोही तुमचाच, तर त्याला आधी उतरवून राखा. तसाच वरून नवा चढवलात तर खालचा जातो.

आणि प्लेट बनवताना अक्षरांतली जागा सरकवू नका. नाव नीट वाचता यावं म्हणून मधली मोकळी जागा हलवणं, स्क्रूच्या काळ्या टोपीने १ चा आय करणं, तिरकी अक्षरं, हे सगळं बेकायदा आहे. दंडाशिवाय डीव्हीएलए नंबरच काढून घेऊ शकतं, आणि त्याची भरपाई मिळत नाही. एवढ्या जपून आणलेल्या नंबराला एका टोपीपायी मुकू नका.

माणूस गेल्यावर

काकांच्या फोननंतर आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला: बाबा गेले, त्यांच्या गाडीवर त्यांचा नंबर आहे, आता काय करायचं?

नंबर राखता येतो. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने, म्हणजे एक्झिक्युटरने, टपालाने अर्ज करायचा: व्ही३१७, लॉगबुक, मृत्यूचा दाखला, एक पत्र, आणि त्याबरोबर मृत्युपत्राची प्रत किंवा न्यायालयाने दिलेला प्रोबेटचा कागद. दाखला कुणाच्या नावाने हवा किंवा नंबर कोणत्या गाडीवर चढवायचा, हे पत्रात लिहायचं. नंबर आधीच व्ही७७८ वर राखलेला असेल तर लॉगबुकऐवजी तो कागद जातो. हे होईपर्यंत गाडीचा टॅक्स किंवा सॉर्न चालू ठेवावा, गाडी कुणालाही देऊ नये आणि विकल्याचं कळवू नये. दुःखाच्या दिवसांत भावंडांपैकी कुणी तरी 'एक काम संपवू' म्हणून गाडी पटकन विकून टाकतं. त्याला आधीच सांगून ठेवा.

मृत्युपत्रात नंबराचा उल्लेख करता येतो. कुणाला द्यायचा, एवढी एक ओळ पुरते. काकांनी ती लिहायला घेतली होती. त्यांच्या मुलीच्या गाडीवर तो नंबर जायचा होता.